औषधाचं तळं कुणाचं?

गेल्या उन्हाळ्यात उत्तर नागपुरातल्या एका मावशीच्या घरी आम्ही बसलो होतो. फुप्फुसाचा कॅन्सर. आयुष्यात कधी बिडीला हात न लावलेली बाई, चूल मात्र पन्नास वर्षं फुंकली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हिला सलाईनवाली किमो नको, रोजची एक गोळी आहे, ती लागू पडली तर बाई चालती-फिरती राहील. गोळीचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर. योजनेच्या काउंटरवर सांगितलं, हे औषध यादीत बसत नाही. पोराने ई-रिक्षा विकली, बचत गटाचं कर्ज काढलं, दोन महिने गोळी आणली. तिसऱ्या महिन्यात कुणीतरी त्याला एक फोन नंबर दिला. कोलकात्याकडचा माणूस कुरियरने बांगलादेशची गोळी पाठवतो, तेच औषध, दहा-बारा हजारांत. बिल नाही, पावती नाही, डबीवर बंगाली अक्षरं. पोराने ती डबी आमच्या हातात दिली आणि विचारलं, "दादा, हे खरं औषध आहे का? आईला देऊ का?"

आमच्याकडे समाजशास्त्राची एम.ए. आहे, वस्तीत दहा-बारा वर्षांचं काम आहे. उत्तर मात्र नव्हतं. आम्ही डबी उलटीपालटी करून परत दिली. त्या रात्री आम्हाला लाज वाटली, आणि त्या लाजेतून हा लेख निघाला आहे.

आमचं म्हणणं सरळ आहे. सीमेपलीकडे तेच औषध स्वस्त मिळत असेल तर ते उघडपणे, कायद्याने, तपासून, सरकारी दवाखान्यातून आणणं हा आपल्या माणसाचा हक्क आहे. तो आपण मागत नाही, म्हणून आपली माणसं तेच औषध चोरासारखं आणतात. आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट अशी की यातला बराचसा हक्क कायद्याच्या पुस्तकात आधीच लिहिलेला आहे.

आधी हा प्रश्न जगात कसा लढला गेला ते बघू. औषध महाग असलं की लोक सीमा ओलांडतात, ही काही गरीब देशांचीच गोष्ट नाही. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेचे सिनेटर बर्नी सँडर्स मधुमेहींची एक बस घेऊन डेट्रॉइटच्या पलीकडे कॅनडातल्या विंडसरला गेले. तिथल्या औषधाच्या दुकानात तेच इन्सुलिन अमेरिकेच्या मानाने साधारण दहाव्या हिश्श्यात मिळत होतं. वीस वर्षांपूर्वी, १९९९ मध्ये, त्यांनीच स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्ण बायकांना असंच कॅनडात नेलं होतं. या वीस वर्षांत अमेरिकेत आयातीचे कायदे झाले नाहीत असं नाही. झाले. पण दर वेळी आरोग्यमंत्र्यांच्या प्रमाणपत्राची अट घातली गेली, आणि प्रमाणपत्र काही निघेना. फ्लोरिडा राज्याला कॅनडातून औषधं आणायची पहिली परवानगी मिळाली ती जानेवारी २०२४ मध्ये. कायदा करायचा आणि त्याला असं कुलूप लावायचं की तो कुणाला वापरता येऊ नये, ही युक्ती आपल्याला ओळखीची वाटायला हवी. पुढे तिच्याकडे येतोच.

खरा धडा दक्षिण आफ्रिकेतला आहे. आपल्या पोरांनी तो तोंडपाठ करावा असा आहे. २००० साली तिथल्या सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या दर चार गरोदर बायकांमागे जवळपास एकीला एचआयव्ही होता. एड्स झालेल्या माणसाच्या मेंदूच्या आवरणाला, तोंडाला, घशाला बुरशी धरते. त्यावर फ्लुकोनॅझोल नावाची गोळी आहे. फायझर कंपनीचं तिथे पेटंट होतं, आणि सरकारी दवाखान्यालासुद्धा एक गोळी अठ्ठावीस रँडच्या वर पडत होती. थायलंडमध्ये तीच गोळी दोन रँडच्या आत बनत होती. ख्रिस्तोफर मोराका नावाचा कार्यकर्ता मे २००० मध्ये संसदेच्या समितीसमोर जाऊन आपली व्यथा सांगून आला आणि जुलैमध्ये मेला. घशातल्या बुरशीमुळे त्याला शेवटी गिळताही येत नव्हतं. ज्या गोळीने त्याची ही यातना कमी झाली असती ती देशात होती, त्याच्या खिशात तेवढे पैसे नव्हते.

ट्रीटमेंट अॅक्शन कॅम्पेन ही संघटना तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती. त्यांनी काय केलं? मोर्चे काढले, निवेदनं दिली, ते तर सगळेच करतात. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांचे नेते झॅकी अचमत थायलंडला गेले, फ्लुकोनॅझोलच्या हजारो गोळ्या विकत घेतल्या आणि त्या घेऊन उघडपणे केपटाऊनला परतले. पेटंटचा कायदा मोडतो आहोत हे जाहीर सांगून. मोहिमेला नाव दिलं 'ख्रिस्तोफर मोराका डिफायन्स कॅम्पेन'. १९५२ साली वर्णभेदी कायदे मोडायची जी मोहीम निघाली होती, तिचं नाव मुद्दाम घेतलं. म्हणजे ज्यांनी 'फक्त गोऱ्यांसाठी' लिहिलेल्या बाकावर बसून कायदा मोडला, त्यांच्याच वारसांनी 'फक्त पैसेवाल्यांसाठी' असलेली गोळी आणून कायदा मोडला. एक बारकावा लक्षात घ्या. ती गोळी त्यांनी वस्तीत अशीच वाटली नाही. डॉक्टरांमार्फत दिली, आणि तिथल्या औषध नियंत्रण परिषदेकडे रीतसर परवानगीसाठी भांडले. परवानगी मिळाली. त्याच वर्षाअखेर फायझरने सरकारी दवाखान्यांना हे औषध फुकट द्यायचा करार केला. ज्या कंपनीला किंमत एक रँडने कमी करणं परवडत नव्हतं, तिला फुकट देणं एकाएकी परवडायला लागलं!

तिथल्या सरकारने १९९७ मध्येच कायदा करून परदेशातून स्वस्त औषध आणायची तरतूद केली होती. त्याविरुद्ध बड्या औषध कंपन्या १९९८ मध्ये कोर्टात गेल्या. एकोणचाळीस कंपन्या एका बाजूला, नेल्सन मंडेलांचं सरकार दुसऱ्या बाजूला. तीन वर्षं कायदा लटकला. एप्रिल २००१ मध्ये जगभर छी-थू झाल्यावर कंपन्यांनी खटला मागे घेतला. जानेवारी २००२ मध्ये याच मंडळींनी ब्राझीलच्या सरकारी कारखान्यात बनलेली एचआयव्हीची औषधं खायेलित्शाच्या झोपडपट्टीत आणली.

आता महाडकडे येऊ. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण दर २० मार्चला साजरा करतो, पण त्याच्या आधीची चार वर्षं आपण विसरतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला होता. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या, असा तो ठराव. त्या यादीत आणखी एक शब्द होता, तो आपण भाषणांत सहसा घेत नाही: दवाखाने. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळं तीन वर्षं उघडं होतं. पाणी कुणीही प्यायलं नव्हतं. बाबासाहेबांनी १९२७ साली नवा हक्क मागितला नाही, कागदावर मिळालेला हक्क ओंजळीत घेऊन दाखवला. त्यानंतर डोकी फुटली, पालिकेने ठराव फिरवला, सनातनी कोर्टात गेले आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं.

औषधांच्या आयातीत आज आपण १९२३ आणि १९२७ यांच्या मधल्या वर्षांत उभे आहोत. भारताच्या पेटंट कायद्यात, १९७० च्या, कलम ४७ आहे. त्याच्या चौथ्या पोटकलमात सांगितलंय की पेटंट असलेलं औषध सरकारला स्वतःच्या वापरासाठी किंवा सरकारी दवाखान्यांतून, इस्पितळांतून वाटण्यासाठी आयात करता येतं. पेटंट देतानाच ही अट त्याला चिकटलेली असते. कंपनीची परवानगी लागत नाही. दुसरं, कलम १०७ए, पोटकलम बी. परदेशात कायद्याने ज्याला ते औषध बनवायचा आणि विकायचा अधिकार आहे, त्याच्याकडून ते भारतात आणलं तर ते पेटंटचं उल्लंघन मानलं जाणार नाही. आधी तिथे 'पेटंटधारकाने अधिकार दिलेला' असे शब्द होते. २००५ च्या दुरुस्तीत ते काढून 'कायद्याने अधिकार असलेला' असे शब्द घातले. या चार शब्दांचा अर्थ किती लांब ताणायचा यावर वकिलांत वाद आहे. आम्ही तो ताणण्याच्या बाजूचे आहोत.

मग मावशीच्या पोराला कोलकात्याचा माणूस का शोधावा लागतो?

कारण कुलूप दुसऱ्या दाराला लावलंय. पेटंटचा कायदा म्हणतो, आणा. औषध नियमावली म्हणते, आणण्याआधी नोंदणी दाखवा. आणि त्या नोंदणीचा अर्ज करायचा कुणी? परदेशातल्या उत्पादकाने स्वतः, नाहीतर त्याने नेमलेल्या एजंटाने. म्हणजे ज्या कंपनीच्या महागाईपासून सुटका हवी, तिच्याच सहीचा कागद घेऊन या! तळं उघडं आहे, फक्त काठावर जायची वाट ज्याच्या शेतातून जाते त्याची चिठ्ठी आणा. ही मांडणी आपल्या आजोबांना समजावून सांगावी लागली नसती.

एकट्या रुग्णासाठी एक खिडकी आहे, तीही सांगून ठेवतो कारण कामाची आहे. डॉक्टरची चिठ्ठी जोडून १२-ए नमुन्यात अर्ज केला तर स्वतःपुरतं औषध, साधारण १०० मात्रांपर्यंत, परदेशातून मागवायची परवानगी १२-बी नमुन्यात मिळते. ही खिडकी वापरणारे लोक कोण? ज्यांचा भाचा दुबईत आहे, ज्यांना डॉलरमध्ये पैसे भरता येतात, ज्यांच्या घरात इंग्रजीत अर्ज लिहिणारं कुणी आहे. शिवाय औषधांवर साधारण १० टक्के सीमाशुल्क असतं. काही औषधांना सूट आहे, दुर्मिळ आजारांच्या वैयक्तिक आयातीला २०२३ पासून पूर्ण माफी आहे, हे बरं झालं. पण ही सूट त्याला, जो मुळात सीमाशुल्काच्या खिडकीपर्यंत पोचला.

२०२५ सालचं एक ताजं उदाहरण घ्या. एसएमए म्हणजे स्नायू हळूहळू निकामी करणारा, जन्मजात आजार. त्यावर रिस्डिप्लाम नावाचं पिण्याचं औषध आहे, रोश कंपनीचं. भारतात एका बाटलीची किंमत सहा लाखांच्या आसपास, आणि मोठ्या माणसाला वर्षाला अनेक बाटल्या. दुर्मिळ आजारांच्या धोरणात सरकार एका रुग्णाला जास्तीत जास्त ५० लाख देतं. केरळमधल्या एका तरुणीची ती मर्यादा संपली. केरळ उच्च न्यायालयाने पुढचं औषध द्यायला सांगितलं, तर केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये स्थगिती घेऊन आलं. त्या सुनावणीत मुद्दा आला की हेच औषध चीनमध्ये आणि पाकिस्तानात कितीतरी स्वस्त मिळतं, कारण तिथल्या सरकारांनी कंपनीशी घासाघीस केली. आम्ही हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपलं चुकून वाचलं असेल. ज्या देशाला आपले पुढारी उठता-बसता भिकारी म्हणतात, त्याने आपल्या लेकरांसाठी भाव पाडून घेतला. आणि आपण 'जगाचं औषधालय' म्हणवून घेतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने हैदराबादच्या नॅटको कंपनीला हे औषध बनवायची वाट मोकळी ठेवली, सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही, आणि बाटली १५,९०० रुपयांना बाजारात आली. सहा लाख आणि पंधरा हजार नऊशे! आनंदच आहे. पण कोर्टात तारखा पडत होत्या त्या काळात कलम ४७(४) कुठल्या कपाटात होतं? सरकारने एक पत्र लिहून स्वस्त देशातून माल मागवायचं ठरवलं असतं तर पोरं वाट बघत बसली नसती. कदाचित मागवायची वेळही आली नसती. नुसता इरादा जाहीर केला असता तरी कंपनीने भाव खाली आणला असता. दक्षिण आफ्रिकेत हेच झालं.

काही जण म्हणतील, आपला देश औषध बनवतो, मग आयात कशाला, सक्तीचा परवाना द्या. द्या ना! मार्च २०१२ मध्ये दिला होता. बायर कंपनीची नेक्साव्हर ही कॅन्सरची गोळी, महिन्याला २,८०,४२८ रुपये. नॅटकोला परवाना मिळाला आणि ती ८,८८० रुपयांना आली. त्या निकालातली गंमत बघा. बायर ती गोळी भारतात बनवत नव्हती, बाहेरून आणत होती, तीही मूठभर. म्हणजे कंपनीने आयात केली तर तो व्यापार, आणि मावशीच्या पोराने केली तर ती तस्करी. त्यानंतर एवढी वर्षं झाली, देशात दुसरा सक्तीचा परवाना निघालेला नाही. अर्ज आले, फेटाळले गेले. म्हणून आम्ही म्हणतो, दोन्ही हत्यारं हवीत. देशात बनवणं हे मुक्कामाचं ठिकाण, आयात ही तिथे पोचेपर्यंतची शिदोरी. कॅनडासारखा चार कोटींचा देश अमेरिकेला कायमचं औषध पुरवू शकत नाही, कॅनडाने २०२० मध्ये तसे निर्बंधही घातले. आयातीने सगळं सुटेल असा आमचा भाबडेपणा नाही.

मग स्वदेशीवाले येतात. परदेशी माल नको, देशाचा पैसा बाहेर जातो. त्यांना एकच गोष्ट विचारायची. औषधांच्या किमतींवर नियंत्रण ठेवणारा २०१३ चा आदेश आहे. त्यात आधी सवलत अशी होती की देशात संशोधन करून शोधलेल्या पेटंट औषधाला पाच वर्षं किंमत नियंत्रणातून सूट. जानेवारी २०१९ मध्ये ती 'देशात शोधलेल्या' ही अटच काढून टाकली. आता परदेशी कंपनीच्या पेटंट औषधालाही पाच वर्षं सूट. हे स्वदेशीवाल्यांच्या राज्यात झालं. आपल्या औषधांचा कच्चा माल चीनमधून जहाजं भरभरून येतो. मग गरिबाच्या हातातल्या तयार गोळीवर आक्षेप कशाला?

बनावट औषधांचा मुद्दा मात्र आम्ही झटकून टाकणार नाही. तो खरा आहे. मावशीच्या हातातली ती डबी खरी होती की खडूची, हे आम्हाला सांगता आलं नाही, आणि हाच तर मुद्दा आहे. चोरवाटेने आलेल्या औषधाला तपासणी नसते, थंड ठेवायचं औषध कुरियरच्या गोदामात उन्हात पडतं, वाईट झालं तर दाद मागायला बिल नसतं. म्हणून तर राजमार्ग हवा. युरोपात एका देशातलं स्वस्त औषध दुसऱ्या देशात नेऊन विकायचा धंदा कायदेशीर आहे, त्याचे परवाने आहेत, डबीवर स्थानिक भाषेचं लेबल लावून विकतात. तिथली माणसं काही मरून पडलेली नाहीत. आणि 'देशी म्हणजे सुरक्षित' म्हणणाऱ्यांनी ऑक्टोबर २०२५ आठवावा. छिंदवाड्याची वीसहून अधिक लेकरं खोकल्याच्या औषधाने गेली, त्यातल्या कितीतरी जणांनी आमच्या नागपूरच्या दवाखान्यांत शेवटचा श्वास घेतला. ते औषध परदेशातून आलं नव्हतं, तामिळनाडूत बनलं होतं. माणूस वाचतो तो तपासणीने. पासपोर्ट औषधाला नसतो.

आता आपल्या घरातलं भांडण.

हा विषय आम्ही एका बैठकीत काढला तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "अरे, आपल्या माणसाला तालुक्याच्या दवाखान्यात कुत्रा चावल्याचं इंजेक्शन मिळत नाही, आणि तू अमेरिका-थायलंडच्या गोळ्या सांगतोस. हे मध्यमवर्गाचे चोचले आहेत." त्यांचा राग खोटा नाही. पण या बोलण्याच्या तळाशी एक गृहीतक आहे, ते आम्हाला मान्य नाही. मोठे आजार मोठ्या लोकांना होतात, आपल्याला ताप, हगवण आणि कुत्रा चावणं, हे कुणी ठरवलं? गोवंडीच्या शिवाजीनगरात जा, टीबीची मोठी औषधं चालू असलेली घरं मोजा. आमच्या विदर्भात सिकलसेल बौद्ध आणि आदिवासी घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. त्या आजारावरचा जनुकीय उपचार डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला, किंमत बावीस लाख डॉलर. (तो उपचार डबीत भरून आणता येत नाही, रुग्णाच्याच पेशी काढून, बदलून परत द्याव्या लागतात, त्यामुळे तो या लेखाचा विषय नाही. पण जगात ज्यांच्या रक्तात हा आजार आहे ते बहुतेक काळे, आदिवासी आणि दलित, हे सहज नोंदवून ठेवतो.) आपल्या माणसाने पॅरासिटामॉलवर समाधान मानावं, ही अपेक्षा खरकट्यावर समाधान मानण्याच्या अपेक्षेपेक्षा वेगळी कशी?

मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण पहिल्यावर अस्खलित बोलतो. दुसऱ्याचं नाव आलं की आपली गाडी घोषणेपुढे जात नाही, कारण तिथे कलमं वाचावी लागतात, नमुना १२-ए कुठे मिळतो हे शोधावं लागतं. पेटंट म्हणजे नवी मनुस्मृती, असं लिहायचा आम्हालाही मोह झाला होता. लिहिलं असतं तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण ते खरं नाही. पेटंट वीस वर्षांनी संपतं, जात संपत नाही. पेटंटच्या कायद्यात गरिबासाठी दारं ठेवलेली आहेत, मनूने ठेवली नव्हती. दारं असताना बाहेर बसून राहिलो तर दोष नुसता शत्रूचा राहत नाही.

आणि वेळ फार नाही. बांगलादेश हा अल्पविकसित देशांच्या यादीत असल्यामुळे जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत त्याला औषधांची पेटंट पाळायची सक्ती नाही. म्हणूनच मावशीची गोळी तिथे स्वस्त बनते. नोव्हेंबर २०२६ मध्ये त्या यादीतून बाहेर पडण्याचं त्याचं वेळापत्रक ठरलेलं होतं. बाहेर पडला की सवलतही जाईल. आपल्या सरकारने कलम ४७(४) वाचायला घेईपर्यंत शेजारची विहीर आटलेली असेल.

मावशीचं सांगायचं राहिलं. तिने ती गोळी घेतली. पोराने ठरवलं, आम्ही नाही. गोळी खरी निघाली असावी, कारण तिचा दम कमी झाला, दिवाळीत ती बाहेर ओट्यावर बसून पोरींना रांगोळी घालायला सांगत होती. मग एक दिवस कोलकात्याचा फोन बंद लागला. दुसरा नंबर शोधेपर्यंत अडीच महिने गेले. मावशी जानेवारीत गेली.

आम्ही सध्या दोन कामं हातात घेतली आहेत. एक, माहितीच्या अधिकारात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला विचारलंय की कलम ४७(४) खाली आजवर कुठलं औषध, कधी, किती आयात केलं, आणि केलं नसेल तर तसा प्रस्ताव कधी विचारात घेतला का. दुसरं, आमच्या भागातल्या सरकारी इस्पितळाच्या अधिष्ठात्यांना पत्र दिलंय. तुमच्या कॅन्सर विभागात लिहून दिली जाणारी, पण रुग्णाला बाहेरून विकत घ्यावी लागणारी पेटंट औषधं कोणती, त्यांची यादी द्या, आणि ती आयात करायची मागणी राज्याच्या वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणामार्फत केंद्राकडे पाठवा. नोंदणीसाठी उत्पादकाच्या सहीची अट सरकारी खरेदीला नको, ही मागणी त्याच पत्रात आहे. पोच मिळाली आहे, उत्तर नाही. ज्यांच्या ओळखीचं कुणी रुग्ण कल्याण समितीवर आहे त्यांनी पुढच्या बैठकीत हा विषय अजेंड्यावर घ्यायला लावावा. १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी वर्गणी गोळा होईलच, आम्हीही देऊ. त्याच यादीत मागच्या बाजूला प्रत्येक घराला एक प्रश्न विचारून घ्या: घरात महागडं औषध चालू आहे का, कोणतं, कुठून आणता, कितीला. आमच्या तीन गल्ल्यांत ही विचारपूस झाली आहे. बंगाली अक्षरांच्या डब्या आणखी चार घरांत निघाल्या.

जय भीम.